जुने तुटलेले लिगामेंट शिवता येते का?

प्रश्न : माझे वय 36 आहे. दोन वर्षांपूर्वी कबड्डी खेळताना माझा डावा गुडघा पिळला गेला. सूज उतरल्यावर मी उपचार थांबवले. आता ठाणे स्थानकाचा जिना उतरताना किंवा पटकन वळताना गुडघा निसटतो. एमआरआयमध्ये एसीएल (मांडीचे व नडगीचे हाड गुडघ्यात बांधून ठेवणारे एक लिगामेंट) पूर्ण तुटलेले आणि दोन हाडांमधली आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) फाटलेली दिसते. लिगामेंट शिवता येईल का? चालता येत असताना शस्त्रक्रिया करावी का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : इतके जुने तुटलेले एसीएल सहसा शिवता येत नाही. सांध्यातील द्रवामुळे त्याच्या तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे ती आपसूक सांधत नाहीत आणि काळ लोटतो तशी आक्रसत जातात. म्हणून मांडीच्या मागचे किंवा वाटीखालचे स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) घेऊन, मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे करून दुर्बिणीने नवे लिगामेंट बसवतात.

केवळ एमआरआयच्या अहवालावरून शस्त्रक्रिया ठरवू नये, कारण स्नायू बळकट केल्यावर काहींचा गुडघा निसटायचा थांबतो आणि खेळ सोडल्यास त्यांचे शस्त्रक्रियेवाचून चालते. आपला गुडघा मात्र जिन्यावरही निसटतो आहे आणि अशा प्रत्येक वेळी गादी व कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) यांना नवी इजा होऊ शकते, याची मला अधिक काळजी वाटते. गादी आज शिवण्याजोगी असेल, तर उशीर केल्याने ती संधी हातची जाऊ शकते; म्हणून माझा कल शस्त्रक्रियेकडे आहे. त्याआधी व्यायामाने गुडघा पूर्ण सरळ होऊ लागला पाहिजे. उभ्याने काढलेला संपूर्ण पायाचा एक्स-रे आवर्जून मागावा, कारण जुन्या दुखापतीत पाय धनुष्याकृती झाला असल्यास नव्या लिगामेंटवर ताण येतो आणि कधी हाडाची रेषाही सुधारावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर दुखणे लवकर कमी होते, पण बसवलेला स्नायुबंध पहिले काही महिने कमकुवतच असतो. नेमक्या याच काळात रुग्ण व्यायाम सोडतात, हे पाहून वाईट वाटते. कबड्डीला किमान नऊ महिने आणि दोन्ही पायांच्या ताकदीची तुलना झाल्याशिवाय परतू नये. पुढे संधिवात होणारच नाही, अशी हमी मात्र या शस्त्रक्रियेने मिळत नाही. गादी शिवल्यास काही आठवडे कुबड्या लागू शकतात आणि त्या घेऊन लोकलच्या गर्दीत शिरणे धोक्याचे आहे, तेव्हा रजेची व्यवस्था आधीच करावी.