सॉक्स घेण्याआधी वडिलांच्या रोहिण्या तपासून घे

भावा, तू लिहिलंयस की वडील ५८ चे आहेत, उद्यमनगरात लेथवर दिवसभर उभं राहून काम, दोन्ही पिंडऱ्यांवर हिरव्यानिळ्या शिरा फुगल्यात, शुगर आहे, बिडी सुटत नाही, आणि रंकाळ्यावर फिरायला गेले की थोडं चाललं की उजवी पिंडरी आवळते, थांबले की दोन मिनिटांत बरं वाटतं. मेडिकलवाल्यानं टाइट सॉक्स घाला म्हणून सांगितलंय, तर घेऊ का, असं विचारलंयस. आत्ता घेऊ नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पाय रोज बघतो, आणि तुझ्या वर्णनात मला दोन वेगळे आजार एकत्र दिसतायत. दिसतोय तो एक, पण काळजी दुसऱ्याची करायची.

आधी दिसणारा घे. हृदयाकडं रक्त परत नेणाऱ्या नळ्या म्हणजे शिरा, त्यांच्यात प्रेशर एकदम कमी असतं आणि पायातलं रक्त तर चढावर न्यायचंय. हे काम पिंडरीचे स्नायू करतात, पाऊल टाकलं की स्नायू शिरेला दाबतो आणि रक्त वर सरकतं. वर गेलेलं खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजागी झडपा असतात, अगदी पंचगंगेवरनं शेताला पाणी उचलणाऱ्या मोटरीच्या फूटव्हॉल्व्हसारख्या, तो गळायला लागला की चढलेलं पाणी परत खाली. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत प्रेशर (बीपी मोजतात त्याच मापात) ९० च्या आसपास असतं, चालायला लागलं की निरोगी पायात ते ३० च्या खाली येतं. म्हणजे लेथवर एका जागी आठ तास उभं राहणं हे चालण्यापेक्षा शिरांना जास्त त्रासाचं. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, कातडी काळपट पडून खाजते, आणि दुर्लक्ष केलं तर घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते ती लवकर भरत नाही. पण ह्याची खूण अशी, की पाय वर करून झोपलं की आराम पडतो आणि चालल्यावर बहुतेकांना बरंच वाटतं.

तुझ्या वडिलांचं उलटं आहे ना? चालल्यावर दुखतंय, थांबल्यावर थांबतंय, आणि तेही दरवेळी साधारण तेवढंच अंतर गेल्यावर. हे रोहिणीचं लक्षण वाटतंय, म्हणजे हृदयाकडून पायाकडं रक्त आणणाऱ्या नळीचं. ह्या नळ्या जाड, स्नायूंच्या, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब झेलणाऱ्या. बिडी, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल ह्यांनी आतलं अस्तर खराब होतं, तिथं चरबीचा थर साचतो, पुढं त्यात कॅल्शियम बसून नळी कडक आणि अरुंद होते. बसल्याजागी पिंडरीला लागेल तेवढं रक्त मिळतं म्हणून काही जाणवत नाही, चालताना स्नायूला कितीतरी पट जास्त लागतं तेव्हा पुरत नाही आणि पिंडरी आवळते. आजार वाढला की रात्री झोपेतपण पाऊल दुखतं आणि माणूस पाय कॉटवरनं खाली सोडून बसतो, कारण खाली सोडल्यावर थोडं रक्त उतरतं. वडील असं करतात का हे आईला विचार, पुरुषमाणसं स्वतः सांगत नाहीत.

आता सॉक्सचं. ते सॉक्स बाहेरनं २०-३० चा दाब देतात, झडपा बिघडलेल्या शिरेला हे चांगलंच, पण ज्या पायात रक्तच कमी दाबानं पोचतंय तिथं वरनं आवळलं तर कातडीचं रक्त तुटतं, बोटं काळी पडू शकतात. शुगरमुळं संवेदना कमी झाली असेल तर दुखल्याचंही कळणार नाही. म्हणून आधी एबीआय नावाची तपासणी करून घ्या, दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं, बस एवढंच. दंडात १४० आणि घोट्यात ९८ आलं तर ०.७, आणि ०.९ च्या खाली म्हणजे रोहिणी अरुंद आहे. शुगरवाल्यांच्या रोहिण्या कडक असल्यानं आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, त्यामुळं नॉर्मल आला तरी थांबू नका, दोन्ही पायांचा कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा, आणि तो रोहिण्या आणि शिरा दोन्हींचा, कारण चिठ्ठीवर नुसतं शिरांचं लिहिलं असलं तर रोहिण्या बघायच्याच राहतात. हे मी मुद्दाम सांगतोय.

रोहिणीचं निघालं तरी लगेच ऑपरेशन असं नसतं. पहिला उपाय चालणंच, पण पद्धतशीर, दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, कमी झालं की परत, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, किमान तीन महिने. ह्यानं न दुखता चालता येणारं अंतर खरंच वाढतं. मात्र पायाला जखम असेल किंवा बसल्याजागी दुखत असेल तर हा व्यायाम नको, आधी डॉक्टर. रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर ठरवतील, ती पायापुरती समजू नका, पायातली रोहिणी अरुंद झालेल्या माणसाच्या हृदयात आणि मेंदूतपण तोच थर असायची शक्यता मोठी असते. आणि बिडी बंद, कमी नाही, बंद. मी बोटं गेलेली माणसं बघितल्यात भावा, त्यातली काही चाळिशीच्या आतली, बिडी ओढणाऱ्या तरुणांच्या हातापायांच्या रोहिण्या बंद करणारा बर्जर म्हणून वेगळा आजारच आहे.

तोपर्यंत घरी गरम पाण्याची पिशवी, शेक, जोरात तेल मालिश काही नको. अनवाणी फिरू देऊ नको, जोतिबाला गेलात तरी. रोज रात्री बोटांच्या बेचक्या बघ. शिरांचं लेसर वगैरे नंतर बघता येतं, त्याला घाई नाही.

एकच पाय अचानक सुजला, गरम लाल झाला तर खोल शिरेत गुठळी असू शकते, ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं, त्यामुळं अजिबात न चोळता त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला आणि जोरात दुखायला लागला तर रोहिणी पूर्ण बंद झालेली असू शकते, तेव्हा साधारण सहा तासच हातात असतात, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. सध्या असं काही नाही, तर ह्याच आठवड्यात व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखव, खर्चाचं बघायचं असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात सर्जरी ओपीडीत ने. रिपोर्ट आला की एबीआयचा आकडा इथं टाक, चालायचं वेळापत्रक मी बसवून देतो.