शिष्यवृत्तीच्या यादीत मुलीचा आधार नंबर, जात आणि बँक खातं. कॉलेजनं ग्रुपवर टाकलं, हे चालतं का?

नाही चालत. आधार कायदा 2016 च्या कलम 29 नुसार कुणाचा आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. 'ग्रुप तर वर्गाचाच आहे' असं ऑफिसातून ऐकवतील. पण वर्गाच्या ग्रुपवरची यादी संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर जाते, हे आपल्या मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

मी नांदेडकडं एका कॉलेजात कारकुनी केली आहे. खरं सांगू का, यात बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरच्या अर्जांची मुदत संपत आलेली असते, म्हणून साहेब म्हणतात "टाका यादी", आणि एक्सेलचे सगळे रकाने तसेच जातात. खरं तर अर्ज क्रमांक आणि 'त्रुटी आहे की नाही' एवढं पुरतं. जात तर मुळीच नको. लेकरांना त्यावरून वर्गात काय ऐकावं लागतं ते मी पाहिलंय.

आधी स्क्रीनशॉट घ्या. मग ॲडमिनला यादी 'सर्वांसाठी डिलीट' करायला लावा. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी सांगितलेलं चहासोबत विसरलं जातं. दाद नाही लागली तर विद्यापीठाच्या कुलसचिवांकडं त्याच अर्जाची प्रत.

मुलीचं आधार बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची ओळख) आजच लॉक करा, फुकट होतं. इथून पुढं झेरॉक्स मागितली तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं का, ते आधी विचारा.