एसीसीच्या मुलाखतीसाठी भोपाळला जाणाऱ्या जवानाची तयारी

आपण विचारले आहे की, सिग्नल्समध्ये म्हणजे लष्कराच्या संपर्क विभागात लान्स नायक असलेल्या आपल्या चिरंजीवांनी जवानांतून अधिकारी घडवणाऱ्या आर्मी कॅडेट कॉलेजची म्हणजे एसीसीची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली असून त्यांना भोपाळच्या, अधिकारी निवडणाऱ्या सिलेक्शन बोर्डाचे बोलावणे आले आहे, तर इंदूरला मिळणाऱ्या महिनाभराच्या रजेत त्यांना क्लास लावावा का. मी स्वतः शिपाई म्हणून भरती होऊन एसीसीतून अधिकारी झालो. पहिल्या खेपेस मात्र मी रेकमेंड झालो नव्हतो, म्हणजे बोर्डाने मला निवडले नव्हते, आणि त्याचे कारण बऱ्याच अंशी क्लास हेच होते, म्हणून माझे उत्तर थोडे एकांगी वाटल्यास समजून घ्यावे.

त्या क्लासमध्ये आम्हाला चित्रांवरील गोष्टी तयार करून दिल्या होत्या. टीएटी या चाचणीत 11 चित्रे आणि शेवटी एक कोरी स्लाइड असते. चित्र 30 सेकंद दिसते आणि गोष्ट लिहिण्यास 4 मिनिटे मिळतात. माझ्या तीन-चार गोष्टींत नायक पुराच्या पाण्यात उडी घेऊन कोणाला तरी वाचवत होता. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत मला पोहता येते का असे विचारले गेले, आणि येत नाही असे मी प्रामाणिकपणे सांगून टाकले. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराला भेटत नाही, तो फक्त लिहिलेले वाचतो. मुलाखत घेणारा अधिकारी बोलणे ऐकतो आणि जीटीओ म्हणजे गटचाचण्या घेणारा अधिकारी मैदानावरील वागणे पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा असे याचे वर्णन बोर्डात केले जाते. तिघेही आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये ती मते समोरासमोर येतात. तिथे तीन निरनिराळी माणसे दिसू लागली की उमेदवाराची बाजू आपोआप लंगडी पडते. पाठ केलेली गोष्ट एकाच कागदावर चालते, उरलेल्या दोन ठिकाणी ती उघडी पडते.

म्हणून रजेचा पहिला आठवडा एका साध्या वहीला द्यावा. नोकरीत आतापर्यंत जे प्रत्यक्ष केले ते त्यांनी तारीखवार लिहून काढावे: रात्री लाइन तुटली तेव्हा दोष कोणत्या टप्प्यात आहे हे कसे शोधले, बरोबरचा जवान आजारी पडला तेव्हा ड्यूटी कशी वाटून घेतली, कोणती चूक झाली आणि ती वरिष्ठांना स्वतःहून सांगितली की पकडली गेली. कॉलेजातून थेट येणाऱ्या मुलांजवळ हे भांडवल नसते. आम्हा जवानांजवळ ते असते आणि आम्हीच ते घरी ठेवून जातो. पहिल्या दिवशी भरावयाच्या पीआयक्यू या वैयक्तिक माहितीच्या फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय, शिक्षणातील गुण, खेळ, छंद, जबाबदारीची कामे, आधीचे प्रयत्न असे सारे असते आणि मुलाखतीतील बहुतेक प्रश्न त्याच फॉर्ममधून फुटतात. छंदाच्या रकान्यात वाचन लिहायचे असेल तर गेल्या दोन महिन्यांत खरोखर काही वाचलेले असावे. वही मात्र कोणालाही तपासायला देऊ नये, मलाही नको. कारण दुसऱ्याने सुधारली की तीही क्लासची होऊन बसते.

आपल्या मालव्यातील मराठी मुलांची एक अडचण वेगळी सांगावीशी वाटते. घरी मराठी, पलटणीत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी त्यांची विभागणी झालेली असते. शब्दचाचणीत 60 शब्द येतात आणि प्रत्येक शब्दावर वाक्य लिहायला अवघे 15 सेकंद मिळतात. अमुक प्रसंगी आपण काय कराल हे लिहायच्या परिस्थितीच्या चाचणीत 60 प्रसंगांना 30 मिनिटे, म्हणजे एका प्रसंगाला अर्धे मिनिट. एका भाषेत विचार करून दुसरीत उतरवण्याइतका वेळ यात बसत नाही. रोज सकाळी घड्याळ लावून लहान, पूर्ण वाक्ये लिहिण्याचा सराव याच एका कारणासाठी करावा, सुंदर उत्तरे जमवण्यासाठी नव्हे.

मैदानावर जवानांच्या दोन खोडी हमखास दिसतात. काहींना हुकमाची वाट पाहण्याची इतकी सवय असते की फळी, बल्ली आणि दोर समोर पडलेले असूनही कोणीतरी सांगेपर्यंत ते हात लावत नाहीत. काहीजण, विशेषतः नुकतीच बढतीची फीत लागलेले, गटाला कवायतीच्या आवाजात हाकू लागतात. बोर्डात सर्वांच्या छातीवर फक्त चेस्ट नंबर असतो आणि हवालदाराचे सांगणे शिपायाने मानलेच पाहिजे असा तिथे नियम नाही. अडथळ्यावरून माणसे आणि सामान कसे न्यायचे याची युक्ती सुचली तर ती एका वाक्यात सांगून स्वतः दोराला हात घालावा, आणि दुसऱ्याची युक्ती बरी असेल तर आपली सोडून द्यावी. मला दुसऱ्या खेपेस कमांड टास्कमध्ये, म्हणजे मदतनीस घेऊन स्वतः नेतृत्व करायच्या कामात, हेच करावे लागले, माझी फळी आखूड पडली आणि मदतीला घेतलेल्या मुलाचे ऐकून मी बांधणी बदलली.

शारीरिक तयारीबद्दल फारसे लिहीत नाही, कारण रोज पीटी करणाऱ्या माणसाला वैयक्तिक अडथळे जड जात नाहीत. दहा अडथळ्यांना 3 मिनिटे असतात आणि प्रत्येकाचे गुण त्याच्या क्रमांकाइतके, म्हणून कोणता आधी घ्यायचा हे सुरुवात होण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.

घरच्यांसाठी एक विनंती. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि एका चित्रावरील गोष्ट व चर्चा एवढ्यावर चाळणी होते आणि बऱ्याच जणांना त्याच दिवशी परत पाठवले जाते. चाचण्यांच्या काळात मोबाइलही जवळ नसतो. त्यामुळे फोन लागला नाही म्हणून घाबरू नये, आणि चिरंजीव त्याच रात्री भोपाळच्या बसने परत आले तर निदान सकाळपर्यंत काही विचारू नये. नातेवाइकांना तारीख आधी सांगितली नसेल तर हे सोपे जाईल.