लिंक आखूड करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लिंक आखूड करून देणारं छोटं वेब टूल आठवड्याभरात जमेल का, असं विचारलं आहेस. एका संध्याकाळी जमेल. एक टेबल, त्यात कोड आणि मूळ पत्ता असे दोन रकाने. कोड आला की पत्ता शोधायचा आणि ब्राउझरला तिकडे पाठवायचं. खरं काम त्यानंतरचं. लोक तुझी लिंक पत्रिकेत छापतात, पुस्तकाच्या तळटिपेत देतात. तुझा सर्व्हर बंद पडला की मूळ पान शाबूत असूनही तिथवर कुणी पोचत नाही.

म्हणून माझं ऐकशील तर आधी उलटं टूल कर. आखूड लिंक चिकटवली की ती कुठे नेते ते पान न उघडता सांगणारं. ‘वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडू’ असा मेसेज घरातल्या मोठ्यांच्या फोनवर येतो, तेव्हा त्यांना हे हवं असतं.

टर्मिनलवर कर्लने (आज्ञा देऊन वेबवरून मजकूर मागवणारा छोटा प्रोग्राम) एखाद्या आखूड लिंकचे फक्त हेडर, म्हणजे पानाआधी येणाऱ्या माहितीच्या ओळी, मागवून बघ. पहिल्या ओळीत ३०१ (पत्ता कायमचा बदलला) किंवा ३०२ (तात्पुरता बदलला) दिसेल आणि खाली ‘लोकेशन’च्या ओळीत पुढचा पत्ता. तो पत्ता पुन्हा विचारायचा, असं शेवटपर्यंत. दोन लिंका एकमेकींकडे बोट दाखवत बसू शकतात, तेव्हा १० उड्यांवर थांब. काही सर्व्हर नुसते हेडर द्यायला नकार देतात. तिथे साधी विनंती कर आणि मजकूर न वाचता जोडणी तोड. पानातल्या जावास्क्रिप्टने होणारी उडी तुला अशी दिसणार नाही. ते वापरणाऱ्याला स्पष्ट सांग, नाहीतर तो तुझ्या उत्तरावर नको तेवढा विसंबेल.

इथे एक मोठा धोका आहे. कुणीही दिलेला पत्ता तुझा सर्व्हर स्वतः जाऊन बघतोय. कुणी मुद्दाम १२७.०.०.१ कडे, म्हणजे ज्या आयपीने (यंत्राचा आकडी पत्ता) प्रत्येक यंत्र स्वतःलाच ओळखतं तिकडे, वळणारी लिंक दिली, तर तो स्वतःच्याच घरात डोकावेल. १६९.२५४.१६९.२५४ वर तर बऱ्याच क्लाउड सेवा सर्व्हरची अंतर्गत माहिती ठेवतात, कधी आत शिरायच्या गुप्त किल्ल्यासुद्धा. पत्त्यातलं नुसतं नाव तपासून भागत नाही. प्रत्येक उडीला नावामागचा आयपी काढ, तो खासगी असेल तर तिथेच थांब, आणि जोडणीही त्याच तपासलेल्या आयपीशी कर.

मराठी लोकांसाठी आणखी एक कर. ‘महाराष्ट्र’ या शब्दात युनिकोडची (संगणकावर सगळ्या लिप्या लिहायची पद्धत) १० चिन्हं आहेत. पत्त्यात प्रत्येक चिन्हाचे ३ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरांत लिहिला जातो. एका शब्दाची ९० अक्षरं. विकिपीडियावरच्या मराठी लेखाची लिंक व्हॉट्सअॅपवर टाकल्यावर जो टक्क्यांचा ढीग दिसतो तो हाच. तुझ्या टूलने तो उलगडून देवनागरीत दाखवावा आणि डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाचं, नाव वेगळं, ठळक द्यावं. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आखूड करण्याकडे. १, २, ३ असे क्रमाने कोड देऊ नकोस, पुढचा कुणीही ओळखेल. अंक आणि लहान-मोठी इंग्रजी अक्षरं मिळून ६२ चिन्हं. ६ अक्षरी कोडांत सुमारे ५,६८० कोटी जोड्या बसतात. हे पुष्कळ वाटतं, पण २०१६ मध्ये गिओर्गिएव आणि श्मातिकोव या संशोधकांनी असे कोड यंत्राने चाळून लोकांची वनड्राइव्हवरची (मायक्रोसॉफ्टची फाइली साठवायची सेवा) खासगी फोल्डर शोधून दाखवली. त्यानंतर गूगलने नकाशांच्या आखूड लिंका ११-१२ अक्षरांच्या केल्या. छापायच्या कोडात शून्य आणि ओ, एक आणि एल यांतली गल्लत टाळ.

पत्ता पुढे बदलू देणार असशील तर ३०२ वापर. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुला न विचारताच जुन्या जागी जातो.

टायनीयूआरएल हे लिंक आखूड करणारं टूल २००२ पासून चालू आहे. एकचाकी सायकलच्या हौशी केविन गिल्बर्टसनने ते सुरू केलं. उलट गूगलने २००९ मध्ये आणलेल्या गू.जीएलवर २०१९ पासून नव्या लिंका बंद झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्याही बंद करायचं ठरलं होतं. लोकांनी आक्षेप घेतल्यावर वापरात असलेल्या तेवढ्या राखल्या. डोमेनचंही तसंच. डॉट एलवाय हे लिबियाचं, आणि २०१० मध्ये तिथल्या नोंदणी संस्थेने व्हीबी.एलवाय हे एका लिंक आखूड करणाऱ्या सेवेचं नाव तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून काढून घेतलं. तू डॉट इन घे आणि जमेल तितक्या वर्षांचे पैसे आधीच भर.

सगळ्यांसाठी खुलं ठेवलंस तर फसवणारे आधी येतील. विकिमीडियाचं डब्ल्यू.विकी फक्त आपल्याच प्रकल्पांच्या लिंका आखूड करतं. तूही तुझ्या कॉलेजच्या किंवा ग्रंथालयाच्या डोमेनपुरतंच ठेव. आणि पहिल्या दिवसापासून ते दोन रकाने साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकुराची फाइल) दर आठवड्याला उतरवून दुसऱ्या कुणाकडे तरी ठेव, म्हणजे तू थांबलास तरी त्या लिंका कुणाला चालवता येतील.

उलगडणाऱ्या टूलचा प्रोग्राम लिहून झाला की पाठव. आयपी तपासणारा भाग मी आधी वाचेन.

तुझ्या कामाला मनापासून शुभेच्छा.