छोट्या गावातून कॉलेजसाठी मोठ्या शहरात जातेय/जातोय असं असताना ओळखीचं कुणीच नसेल, तर निभाव लागतो का?

लागतो. पण प्रश्नाखाली तू ज्या भीती लिहिल्या आहेस (गर्दी, वर्गात मागे पडणं, बोलण्याला लोक हसणं, घरची आठवण) त्यांत मला सगळ्यात जास्त नडलेली गोष्ट नाहीच. ती आधी सांगते. वयाने लहान असणार असं धरून एकेरीत लिहितेय, राग नसावा.

गावात ओळख करून घ्यावी लागत नाही, ती आयती मिळते. रस्त्यात कुणीतरी थांबवून विचारतं, "कुणाची गं तू?" आपण बाबांचं नाव सांगायचं की झालं. घर कुठलं, आजोबा कसे होते, थोरल्या भावाने काय दिवे लावले, हे सगळं विचारणाऱ्याला आपल्याहून जास्त माहीत असतं. मी सतरा वर्षं अशा आयत्या ओळखीवर काढली. शहरात आल्यावर पहिल्या आठवड्यात हा प्रश्न एकदाही कानावर पडला नाही. मी वर्गात बाकावर बसून वाट बघायचे, की आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारत नव्हतं. इथले लोक शिष्ट आहेत असा निकाल मी लावला आणि चांगले दोन महिने त्यावर ठाम राहिले. खरं एवढंच होतं की अनोळखी माणसाशी ओळख कशी काढतात हे मला येत नव्हतं. गावात कधी गरजच पडली नव्हती.

हॉस्टेलची पहिली रात्र सांगते म्हणजे कळेल. खोलीत आम्ही तिघी. दिवा मालवला तरी अंधार होईना. रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड छताच्या एका कोपऱ्यातून निघायचा, सरकत सरकत पंख्यावरून पलीकडे जायचा आणि विझायचा. मी ते उजेड मोजत पडले होते. साठच्या पुढे कधीतरी शेजारच्या पलंगावरून नाक ओढल्याचा आवाज आला. बिचारी रडतेय, असं वाटून मी झोपेचं सोंग घेतलं. चार महिन्यांनी विषय निघाला तेव्हा कळलं की तिला सर्दी झाली होती. आणि मी जागी आहे हे तिलाही कळत होतं, पण मी रडत असेन म्हणून तिनेही सोंग घेतलं होतं. एका हाताच्या अंतरावर दोघी जाग्या, आणि दोघीही गप्प.

आता तुझी गर्दीची भीती. गर्दीत कसं चालायचं हे पाय आठवडाभरात शिकतात. त्रास होतो तो गर्दीच्या कोरडेपणाचा. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ मध्ये महानगरातल्या माणसाच्या मनावर एक निबंध लिहिला होता. शहरात डोळ्यांवर आणि कानांवर इतकं काही सतत आदळत असतं की प्रत्येक गोष्टीला मनापासून प्रतिसाद देत बसलं तर माणूस टिकायचाच नाही, म्हणून तो मनावर एक जाड कातडी चढवतो, असं त्यांचं म्हणणं. गावात रस्त्याने जाताना वीस माणसं भेटतात, त्या विसांना मान हलवता येते. शहरात दोन हजारांना कोण हलवणार? त्याच निबंधात दुसरी बाजूही आहे: लहान वर्तुळ माणसावर नजर ठेवतं, शहर त्याला मोकळं सोडतं. मला ही बाजू एका संध्याकाळी कळली. कुणालाही न सांगता तासभर नुसती चालत राहिले, वाटेल त्या वळणाला वळले, आणि रात्री घरच्या फोनवर "आज तिकडे कशाला गेली होतीस म्हणे?" असा प्रश्न आला नाही. पहिल्यांदाच आला नाही. त्या कोरडेपणाबद्दल त्या दिवशी मला चक्क माया वाटली.

पण नुसत्या मोकळेपणावर दिवस जात नाहीत. ओळखी लागतातच, आणि त्या होतात कशा हे मला शिकवलं ते लायब्ररीच्या दारावरच्या वॉचमन काकांनी, त्यांच्याही नकळत. खोलीत मन लागेना म्हणून मी रोज संध्याकाळी सहाला लायब्ररीत जायचे. तीच वेळ, खिडकीकडचं तेच टेबल. काका रोज ओळखपत्र बघायचे, अगदी कालच पाहिलेलं असूनही फोटो आणि चेहरा ताडून बघायचे. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी बॅगेत ओळखपत्र शोधत उभी होते, तर त्यांनी न बघताच हनुवटी वर उचलली. जा आत. बस, एवढंच. मी टेबलाशी जाऊन बसले आणि पुढची पंधरा मिनिटं एक ओळ वाचता आली नाही. या अख्ख्या शहरात मला ओळखणारं एक माणूस झालं होतं.

रोज दिसणारे पण कधी न बोलणारे असे जे चेहरे असतात, त्यांना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ मध्ये 'परिचित अनोळखी' अशा अर्थाचं नाव दिलं. रोज त्याच स्टेशनवर त्याच गाडीची वाट बघणाऱ्या लोकांकडे पाहून त्यांना ते सुचलं होतं. माझा सल्ला म्हणजे हाच: आधी परिचित अनोळखी जमव. थेट मैत्री करायला जाऊ नकोस, ती तशी होतही नाही. एक जागा धर आणि एक वेळ धर. लायब्ररी, मैदान, नाटकाचा ग्रुप, वादविवाद मंडळ, काहीही चालेल, पण आज इथे आणि उद्या तिथे असं नको. दर खेपेला तीच माणसं दिसली पाहिजेत. मग एक दिवस कुणीतरी पेन मागतं.

आणि घाई करू नकोस. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच नव्या ठिकाणी राहायला गेलेले लोक आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, म्हणजे तुझ्यासारखेच, त्यांनी तपासले. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला सोबत घालवलेले साधारण ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त, असा त्यांचा अंदाज. आकडे तंतोतंत धरू नकोस, माणसागणिक बदलणारच. पण हा हिशोब मला तेव्हा कुणी दाखवला असता तर दुसऱ्या आठवड्यात "माझं इथे कुणाशी जमतच नाही" असं डायरीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या नसत्या. दुसऱ्या आठवड्यापर्यंत माझे कुणाही एकीबरोबर पाच तास झाले नव्हते. गावातल्या मैत्रिणीबरोबरचे तास कधी मोजलेच नव्हते, कारण ते पहिलीपासून साठत आले होते.

वर्गात मागे पडण्याबद्दल. पडशील, निदान तसं वाटेल. शाळेत मी कायम पहिली. कॉलेजच्या पहिल्या चाचणीचा पेपर हातात आला तो मी बघता बघता चार घड्या करून वहीत सारला. पन्नासपैकी एकोणीस. मागच्या बाकावरच्या मुलीला एकतीस होते आणि ती वैतागली होती. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर या संशोधकांनी १९८४ मध्ये शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासातून पुढे आलेला मुद्दा असा, की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली तर जिच्या भोवती हुशार मुलं जास्त, ती स्वतःला कमी समजते. छोट्या डबक्यातला मोठा मासा, म्हणून ही गोष्ट ओळखली जाते. एकोणीसमध्ये माझी कुवत मोजली गेली नव्हती असं मी म्हणणार नाही, अभ्यासाची पद्धत खरंच चुकीची होती. मी पाठ करत होते, तिथे उदाहरण बदलून विचारत होते. पण 'मी मुळात ढ आहे' हा जो निष्कर्ष मी त्यातून काढला, त्याचं खापर डबकं बदलण्यावर फोडायला हवं होतं. मग मी एक केलं: त्या एकतीसवालीला उत्तर कसं लिहिलंस ते दाखवायला सांगितलं. हे विचारायला मला आठ दिवस लागले, तिने दाखवायला दोन मिनिटं घेतली नाहीत. तू आठ दिवस लावू नकोस. सरांना किंवा मॅडमना तासानंतर गाठून विचारणं हेही शहरातली मुलं सहज करतात. आपल्याला ते आगाऊपणा वाटतं, तो तसा नसतो.

बोलण्याला हसतील का? हो, थोडे दिवस हसतील. माझ्या एका शब्दावरून महिनाभर माझी नक्कल झाली. मी काही काळ तो शब्द टाळला, मग कंटाळा आला आणि पुन्हा वापरायला लागले. वर्ष संपता संपता वर्गातले चार जण तो शब्द वापरत होते, नक्कल म्हणून नाही, सोयीचा होता म्हणून. औपचारिक ठिकाणी जशी भाषा लागते ती जरूर शिकून घे, त्याचा उपयोग आहे. आपली पुसून टाकू नकोस.

घरची आठवण येईल याची लाज वाटते असं तू लिहिलंयस, त्यावर एक जुनी गोष्ट. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द आज आपण जुन्या आठवणींसाठी वापरतो, पण १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठातल्या प्रबंधात तयार केला तो एका आजाराचं नाव म्हणून. ग्रीकमधले 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून. त्यात त्याने नोंदवलेल्या रुग्णांमध्ये बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण आहे. पार खंगलेला, आणि घरी न्यायचं ठरताच सुधारायला लागलेला. नकाशावर बघ, ही दोन्ही गावं किती जवळ आहेत! तर हा प्रकार तुझ्यापासून सुरू झालेला नाही.

मात्र इलाज म्हणून दर सुट्टीला घरी पळू नकोस. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक शनिवारी बॅग भरायचे. सोमवारी परतले की पुन्हा पहिला दिवस. वर्गातल्या ओळखी नेमक्या शनिवार-रविवारीच होत होत्या, आणि त्या वेळी मी एसटीत. पहिले पाच-सहा आठवडे तिथेच काढ, फोनची वेळ ठरवून घे आणि फोनवर "सगळं मस्त" एवढंच सांगू नकोस. आईला आवाजावरून कळतंच, मग ती उगाच काळजी करते. आणि झोप उडाली, जेवण जात नाही, तासाला जावंसं वाटत नाही असं दोन आठवडे चाललं तर मात्र कळ काढत बसू नकोस. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना गाठ, नाहीतर डॉक्टरांकडे जा.

व्यवहाराचं भराभर सांगते. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नकोस. मी दुसऱ्या वर्षी फोटोवर भुलून दिले, फोटोतली खिडकी शेजारच्या खोलीची निघाली. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घे. मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स दे. पहिले दोन महिने खर्च रोजच्या रोज लिही. शहरात मोठे खर्च दिसतात, पैसा जातो तो बारीकसारीक गोष्टींत. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी खोलीपासून वर्गापर्यंत एकदा जाऊन ये, म्हणजे पहिल्या दिवशी उशीर आणि घाम दोन्ही वाचतील. घरच्यांना एका स्थानिक माणसाचा नंबर देऊन ठेव, रेक्टर असो वा रूममेट.

राहिला शेवटचा प्रश्न, सोबत काय न्यावं. उचलून चार मजले चढवता येईल तेवढंच. माझी खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. अंथरूण-पांघरूण, कुलूप, नेहमीची औषधं, बाकी सगळं तिथे मिळतं. मी शाळेतल्या पहिल्या नंबराची ढाल नेली होती, लाकडी, चांगली जड. टेबलावर ठेवायची म्हणून. ती वर्षभर बॅगेतच राहिली, जुन्या ओढणीत गुंडाळलेली, आणि उन्हाळ्यात मी ती चार मजले उतरवून परत आणली.