आतेभावाची किडनी आणि अपिलाचे तीस दिवस

प्रश्न : माझी पत्नी तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. माझा रक्तगट जुळत नाही, सासूबाईंना मधुमेह आहे, सासरे हयात नाहीत, मुले लहान आहेत. पत्नीचा बेळगावचा आतेभाऊ किडनी द्यायला तयार आहे. चार महिने थांबवून रुग्णालयाच्या समितीने आमचा अर्ज फेटाळला. त्याला पंचवीसेक दिवस झाले. आमदारसाहेबांचे पत्र मिळवले आहे. आता पुढे काय करावे? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : ‘पंचवीसेक’ म्हणजे नेमके किती? तेवीस, पंचवीस की अठ्ठावीस? तुमच्या तीन पानी पत्रात रक्ताच्या प्रत्येक तपासणीची तारीख आहे, फक्त ही एक नाही. आणि सगळे हिच्यावरच अडले आहे. मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण कायद्याच्या कलम १७ नुसार, प्राधिकार समितीने अर्ज फेटाळला तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करायचे असते. झालेला उशीर माफ करण्याची तरतूद त्या कलमात नाही. एकतिसाव्या दिवशी सगळेच संपते असे मी म्हणणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते, आणि सांगलीकरांना आता कोल्हापूरचे सर्किट बेंच जवळ आहे. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येईल, की वेळेत अपील का केले नाही? आठवड्यातून तीनदा मशीनला जोडल्या जाणाऱ्या बाईला या प्रश्नाचे उत्तर देत बसायला लावू नका.

तुम्ही पाठवलेला आदेशाचा फोटो मोठा करून पाहिला. खालच्या कोपऱ्यावर कोणाचा तरी अंगठा आला आहे आणि तारीख नेमकी त्याच्याखाली. हा फोटो रुग्णालयाच्या समन्वयकाने व्हॉट्सॲपवर पाठवला तो दिवस धरायचा, की सही-शिक्क्याची प्रत हातात पडली तो, यावर वाद घालता येईल. घालू नका. जो दिवस आधीचा, तिथून मोजा. समितीचा निर्णय रुग्णालयाच्या सूचनाफलकावर लगेच आणि संकेतस्थळावर चोवीस तासांत लावावा असा नियम आहे, त्यामुळे ‘आम्हाला उशिरा कळले’ हे म्हणणे टिकेल या भरवशावर राहू नका.

अपील रुग्णालयातल्या समितीच्या आदेशाविरुद्ध आहे, म्हणून ते राज्य शासनाकडे जाईल. ते लेखी हवे आणि सोबत आदेशाची प्रत हवी. कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे द्यायचे ते समन्वयकाला आजच विचारा, मग आवक शाखेत स्वतः नेऊन द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. अपील तुमच्या नावाने नको. मूळ अर्ज नमुना ११ मध्ये रुग्ण आणि दाता यांनी मिळून केलेला असतो, तेव्हा अपिलावरही त्या दोघांच्याच सह्या घ्या. आणि आमदारांचे पत्र फायलीत लावू नका. दाता कोणाच्या दबावाखाली तर नाही ना, हे पाहणाऱ्या माणसांसमोर तुम्ही स्वतःहून दबावाचा कागद ठेवणार आहात. ज्या आठवड्यांत ते पत्र मिळवलेत, त्यात अपील तयार झाले असते.

आता अर्ज का फेटाळला गेला ते पाहू. अर्जात ‘नाते’ या रकान्यात ‘भाऊ’ असे लिहिले आहे. आपल्या घरांत ते खोटे नाही. आत्याचा मुलगा हा भाऊच. राखी त्याला बांधली जाते, लग्नात नवरदेवाचा कान पिळायला तोच पुढे येतो. कायद्याचा भाऊ मात्र वेगळा आहे. जवळच्या नातेवाइकांत पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण येतात आणि २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे आली. आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ, मेहुणा, भाचा यांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नाही. ‘घरातलाच माणूस आहे, मग परवानगी कसली?’ असे विचारणारी पत्रे मला सतत येतात. परवानगी याचीच, की तुमच्या घरातला हा माणूस कायद्याला परका आहे.

परक्यालाही किडनी देता येते. कलम ९(३) मध्ये आपुलकी, जिव्हाळा किंवा इतर विशेष कारण अशी वाट ठेवलेली आहे, समितीच्या पूर्वपरवानगीने. पण तो जिव्हाळा खरा आहे हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारांचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कुलदीप सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तुमच्या समितीसमोर काय होते? अर्जात ‘भाऊ’, आडनावे वेगळी, आई-वडिलांची नावे वेगळी, आणि तपासणीचे अहवालही सख्ख्या भावंडांचे वाटत नाहीत असे सांगणारे. त्यांना संशय आला, तर त्यांचे काय चुकले?

नात्याच्या रकान्यातले हे ‘भाऊ’ दुरुस्त करणे आणखी एका कारणाने तातडीचे आहे. दाता जवळचा नातेवाईक आहे किंवा जिव्हाळ्याने देतो आहे हे भासवण्यासाठी खोटे शपथपत्र द्यायला मदत करणे, हाच कलम १९ खाली गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. तुमच्या मनात खोटेपणा नव्हता हे मला पत्रावरून दिसते, पण ते कागदावरही दिसले पाहिजे. अपिलासोबत दोघांचे नवे शपथपत्र द्या. मूळ अर्जातला ‘भाऊ’ म्हणजे आतेभाऊ, हे पहिल्याच ओळीत लिहा. सोबत वंशावळ द्या, आणि तुमचे सासरे व त्यांची बहीण एकाच आई-वडिलांची मुले आहेत हे दाखवणारे शाळा सोडल्याचे दाखले जोडा. गावच्या शाळेत जुनी रजिस्टरे मिळतात. एक दिवस मोडेल, पण जा. या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम ७(३) मध्ये समितीने जुने फोटो पाहावेत असे चक्क लिहिले आहे. तुमच्या लग्नात तुमचा कान त्यानेच पिळला असेल, तर तो फोटो आज मोठ्या कामाचा आहे. गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या दारात काढलेला नको.

आदेशातले दुसरे कारण उत्पन्नातली तफावत. तुम्ही बँकेत, तो टेम्पो चालवतो. हे वाचून तुम्हाला अपमान वाटला असे लिहिले आहे. तसे घेऊ नका. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांची एक पाहणी २००२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती, आणि सरासरी सहा वर्षांनंतरही तीन चतुर्थांश लोक कर्जातच होते. कुटुंबांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले होते आणि ८६ टक्के लोकांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. समिती तीन वर्षांचे उत्पन्न विचारते ते अशाच माणसांसाठी. तफावत असली म्हणजे परवानगी नाहीच असेही नाही. ती अवयवांचा व्यापार रोखण्याच्या उद्देशाच्या संदर्भात तपासायची असते.

म्हणूनच पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलेले वाक्य मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. टेम्पोचे थकलेले साठ हजारांचे हप्ते तुम्ही गेल्या वर्षी भरलेत. कायद्याने दात्याचा प्रवास, औषधपाणी आणि किडनी दिल्यामुळे प्रत्यक्ष बुडालेली कमाई भरून देता येते. टेम्पोचे हप्ते त्यात बसत नाहीत. नात्यात एकमेकांची नड भागवली जाते, मलाही माहीत आहे. पण ते पैसे कधी, कशासाठी दिले, त्यावेळी किडनीचा विषय निघाला होता का, हे कळल्याशिवाय मी यावर मत देणार नाही. कोणतेही शपथपत्र करण्याआधी हे सगळे समोर बसून आपल्या वकिलाला सांगा. लपवू तर अजिबात नका. आणि खरोखर तसाच व्यवहार ठरला असेल, तर हा दाता आजच सोडून द्या.

तिसरे कारण, दात्याची पत्नी मुलाखतीला आली नाही. दात्याच्या घरच्या माणसाला या निर्णयाची कल्पना आहे का, काही हरकत आहे का, हे समितीला विचारावेच लागते. तिला घेऊन या, पण काय बोलायचे ते शिकवून आणू नका. ऑपरेशननंतर नवरा महिनाभर टेम्पोचे स्टिअरिंग धरू शकला नाही तर घर तिलाच चालवायचे आहे. तिची हरकत असेल तर ती आधी तुम्ही ऐकून घ्या.

बेळगाव कर्नाटकात आहे. परराज्यातला दाता जवळचा नातेवाईक नसेल, तर तिथल्या तहसीलदाराकडून नमुना २० मध्ये रहिवासाची पडताळणी लागते. त्याला वेळ लागतो. आज अर्ज टाका, मात्र त्या कागदासाठी अपील अडवून ठेवू नका. तो नंतर देता येईल असे मला वाटते.

नवा अर्ज करायला कायद्यात मनाई दिसत नाही, पण समितीने तो घेतलाच पाहिजे असेही लिहिलेले नाही. म्हणून अपील आधी. चार महिन्यांच्या दिरंगाईबद्दलचा तुमचा राग मात्र रास्त आहे. सहा-आठ आठवड्यांत हे अर्ज निकाली निघावेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. ज्या रुग्णाच्या याचिकेवर हे सांगितले, तो २०२१ मध्येच गेला होता. महाराष्ट्रातल्या समितीवर तो निकाल बंधनकारक नाही, तरी अपिलात त्याचा उल्लेख जरूर करा.

एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. तुमची किडनी पत्नीला जुळत नाही, पण तुम्ही जवळचे नातेवाईक आहात. तुमच्यासारखेच दुसरे न जुळणारे जोडपे मिळाले, तर कलम ९(३-अ) खाली अदलाबदल करता येते. त्यालाही समितीची परवानगी लागते, पण जिव्हाळा सिद्ध करण्याचा हा सगळा खटाटोप त्यात नाही. वैद्यकीय बाजू डॉक्टरांना विचारा आणि नाव नोंदवा. मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव नसेल तर तेही याच आठवड्यात.

आणि सही घ्यायला डायलिसिसच्या दिवशी जाऊ नका. चार तास मशीनवर काढल्यावर हात थरथरतो, आणि सही जुळत नाही म्हणून परत आलेले कागद मी पाहिले आहेत.