रिचर्ड–मार्टेल मोडून ग्वान यू लावू का? नवीन जोडी चांगली आहे हे ओळखायचं कसं?

तुझा प्रश्न असा आहे: राइज ऑफ किंगडम्स या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात रिचर्ड–मार्टेल ही कमांडरांची (सेनापतींची) जोडी वापरतोय, आता ग्वान यू मिळालाय, तर मार्टेल काढून त्याला घालू का? आणि खेळात पैसे घालत नाहीस.

भावा, आधी शब्दावरूनच सुरुवात करतो. आमच्या कोल्हापुरात ‘जोड’ म्हटलं की शेजारचा माणूस डोळ्यासमोर येत नाही, समोरचा येतो. शाहू महाराजांनी १९१२ साली खुल्या केलेल्या खासबाग मैदानात आजही कुस्त्या असल्या की लोक विचारतात, “त्याची जोड कुणाबरोबर लागलीय?” म्हणजे हौद्यात समोर कोण उतरणार. तुझ्या प्रश्नात नेमकं तेच राहिलंय. ग्वान यू भारी आहेच. पण त्याला कुणासमोर आणि कुठं उतरवणार आहेस?

रिचर्ड–मार्टेल ही दमाची जोडी. रिचर्ड आपले जखमी भरून काढतो आणि समोरच्याचा मार बोथट करतो, मार्टेल ढाल धरतो. दोघं फार मारत नाहीत, पण चौघांनी घेरलं तरी पाठ टेकत नाहीत. ग्वान यू पहिल्याच मिनिटात पटात शिरणारा गडी. एका दणक्यात समोरच्या अनेकांना मारतो, वर सायलेन्स लावतो, म्हणजे तेवढा वेळ त्या कमांडरचं ॲक्टिव्ह स्किल बंद. आता मार्टेल काढून त्याला रिचर्डला बांधलास तर ढाल गेली आणि मारही अर्धवट आला. मोकळ्या मैदानात ते चालेलही, पण रिचर्ड–मार्टेल तू ज्या कामाला ठेवली होतीस ते काम मग कोण करणार?

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. नवीन कमांडर आला, जुन्या जोडीत घातला, पहिल्याच लढाईत किल पॉइंट (समोरचं सैन्य मारल्याचे गुण) जवळजवळ दुप्पट. अलायन्सच्या, म्हणजे आमच्या गटाच्या, चॅटवर “नाद खुळा जोडी!” असं टाकून मोकळा झालो. रात्री रिपोर्ट नीट उघडून बघितला तर समोरच्याकडं टी-५, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, सैन्य होतं. टी-४ चा एक सैनिक मारला की १० पॉइंट, टी-५ चा मारला की २०. म्हणजे दुप्पट पॉइंट समोरच्याच्या सैन्यामुळं, माझ्या जोडीची त्यात काही करामत नाही. उलट माझ्या बाजूचे गंभीर जखमी आधीपेक्षा जास्त. हॉस्पिटल भरत आलेलं, आणि ते भरलं की पुढचे गंभीर जखमी थेट मरतात. चॅटवरचा तो मेसेज पोरं अजून मला वाचून दाखवतात.

तेव्हापासून मी किल पॉइंटकडं बघायचं सोडलं. रिपोर्टमध्ये दोनच आकडे बघायचे: आपले गंभीर जखमी आणि मेलेले किती, समोरच्याचे किती. हलके जखमी आपोआप परत येतात, ते मोजू नको.

आता तपासायचं कसं. मी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. जॉबचा साइज बसत नसला आणि तू स्पीड, फीड आणि टूल तिन्ही एकदम बदललंस, तर साइज बसला तरी कशामुळं बसला ते कळत नाही. इथंही तसंच आहे. एका मित्राला थोडा वेळ अलायन्समधून बाहेर काढा, कारण आपल्याच अलायन्सच्या माणसावर हल्ला करता येत नाही. (लीडरला आधी सांगा, नाहीतर पळाला म्हणून बोंब होते.) दोघांनी टी-१, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं, सैन्य घ्या, आकडा सारखा, सैन्याचा प्रकारही सारखा. टी-१ बरं करायला फारसा खर्च येत नाही. आधी जुनी जोडी, मग नवी, समोर मात्र तीच एक जोडी कायम. दोन्ही वेळेला आपल्या बाजूचा प्रायमरी (जोडीतला पुढचा) कमांडर आणि त्याची इक्विपमेंट तीच ठेवा, बदल फक्त सेकंडरीत (मागच्यात). आणि एका लढाईवर निकाल देऊ नका. बरीच पॅसिव्ह स्किल्स नशिबावर सुटतात, निदान दहा वेळा तरी लढवा. मग दोन मित्र वाढवा आणि तिघं मिळून तुमच्या एकाच मार्चवर (एका जोडीच्या तुकडीवर) तुटून पडा. एकास एक जिंकणाऱ्या कितीतरी जोड्या इथं गळपटतात, आणि खऱ्या लढाईत एकास एक कधी मिळतं सांग?

सनसेट कॅनियन या खेळातल्या आखाड्यात सैन्य मरत नाही म्हणून बरेचजण तिथंच तपासतात. मला ते पटत नाही. तिथं पाच-पाच मार्च एकदम भिडतात, कोण कुठं उभा होता यावरच निम्मा खेळ फिरतो.

पुढं कोण, मागं कोण, हेही बघ. टॅलेंट आणि इक्विपमेंट फक्त प्रायमरीची लागते, सैन्याची मर्यादाही त्याच्याच लेव्हलवर ठरते. सेकंडरीची नुसती स्किल्स चालतात. रेज (लढताना साठत जाणारा राग) १००० झाला की प्रायमरीचं स्किल सुटतं आणि पुढच्याच टर्नला सेकंडरीचं. म्हणून मागं असा कमांडर हवा ज्याला टॅलेंटची गरज नाही आणि जो पुढच्याला हात देईल. सन त्झू यात बसतो. मारतो, वर थोडा रेज परत देतो, म्हणजे पुढचा दणका लवकर येतो. एपिक, म्हणजे लेजंडरीपेक्षा खालच्या दर्जाचा, असल्यानं बिनपैशाच्या खेळाडूलाही परवडतो.

तर तुझ्यासाठी माझं मत: मार्टेलला हात लावू नको. ग्वान यू–सन त्झू ही वेगळी जोडी कर. ग्वान यूसारख्या लेजंडरी कमांडरची सगळी स्किल्स पूर्ण करायला ६९० गोल्ड हेड (स्किल वाढवायच्या सोनेरी मूर्ती) लागतात, तुला तिथं पोचायला बराच काळ जाईल. म्हणून ग्वान यूला एकाच स्टारवर रोखून धर. स्किल वाढताना उघडलेल्या स्किलपैकी कुठलंही वाढतं, त्यामुळं एकच उघडं असलं की सगळी हेड त्याच्यातच जातात. ते पाचवर गेलं की मग स्टार वाढव. अडचण एवढीच की प्रायमरी तीन स्टारचा असल्याशिवाय त्याला सेकंडरी जोडता येत नाही. तोवर सन त्झू पुढं, ग्वान यू मागं. तीन स्टार झाले की उलटव.

दहा लढाया झाल्या की आकडे मला कळव. आमच्यातला एकजण अजून ग्वान यू–मार्टेलच्या बाजूनं भांडतोय, त्याच्यासमोर ठेवायचेत.